वखार

अकरा वर्षं भिशी भरली
निपाणीत, मुरगूड रोडला, शमशादच्या माडीवर,
दर दहा तारखेला, चुरमुऱ्यांसोबत.
कुणी सोनं केलं नाही, पोरांना दिले नाहीत,
आणि आता चौघी
क्रूझच्या नवव्या मजल्यावर.

पद्मजा मगदूम कांदा-बटाटा नको म्हणून
आचाऱ्याला हातवारे करून दमली,
शेवटी डब्यातली दशमी काढली.
रत्नव्वा कठडा धरून समुद्राशी भांडते,
"साकप्पा, किती हलवशील!"
शेजारची बाई विचारते, कुठल्या?
इंडिया, म्हणते मी. इंडियात कुठं?
बेळगाव म्हणू की बेळगावी,
तिला काय फरक पडतोय,
तरी जीभ अडते.

बेटाचं नाव अजून धड म्हणता येत नाही.
उतरलो. ऊन आपल्या एप्रिलचंच, फक्त ओलं.
बाजारामागच्या बोळात शमशाद एकदम थांबली,
नाक वर करून म्हणाली,
"वखार!"

खरंच की. छपराखाली तंबाखू टांगलेली,
आणि एक म्हातारी पाटावर
मनगटाएवढ्या विड्या वळत बसलेली.
शमशादनं पर्स माझ्याकडं दिली,
खाली बसली.
रोजच्या हजार विड्या,
सुटून पंचवीस वर्षं झालेली बोटं
न विचारता चालू लागली.

म्हातारीनं ते बघितलं,
काढून घेतलं,
उलगडलं,
आणि तिच्या रीतीनं वळून दाखवलं.

भोंगा झाला.
रत्नव्वा ओरडते, अगं, बोट सुटतंय!
शमशाद मान वर करत नाही.
थांब की गं,
शेवटचा पेच
कळला नाही अजून.