पहाटे चार, गच्चीवर

एप्रिलात सोलापुरात चॉकलेट चाखायचं
तर पहाटे चारलाच.
साडेआठला वडी बोटाला चिकटते,
दहाला तिचं नाव उरत नाही.
फ्रीजमधली नको,
गारठलेली जीभ खोटं बोलते.

म्हणून चटई, ओला पंचा, वर स्टीलचं ताट,
ताटात पाच मुलखांचे पाच काळे तुकडे
आणि माझ्या मांडीवर गुणपत्रिका:
चमक, मोडण्याचा आवाज, वितळणं, चव,
गिळल्यावर मागे काय राहतं.

शेजारी व्यंकटेशकाका गाजुल,
टॉवेलच्या कारखान्यात एकतीस वर्षं रंगमास्तर.
बोलावलं नव्हतं. त्यांना तशीही झोप नसते.

पहिला मोडला. कट्.
"ताणा तुटल्यासारखा," काका म्हणाले.
मी लिहिलं, आवाज, नऊ.

दुसऱ्यावर पांढुरकी झाक.
"हा वाटेत उन्हात बसलाय एकदा."
बसला असेल. कुरिअरवाल्यालाही जेवण लागतं.

चावायचं नाही काका,
टाळ्याला लावायचं आणि थांबायचं.
"मला शिकवतेस?"
रंगाच्या हौदातलं मिठाचं पाणी
ते जिभेच्या टोकावर धरायचे,
किलोभर कमी पडलं तरी कळायचं म्हणे.
आता तिथे यंत्र आहे. आकडा दाखवतं.

तिसरा गोदावरीकाठचा, तेलुगू मुलखातला,
त्याला ते तेलुगूतच म्हणाले, चेदु.
मग मान हलवली. चेदु नाही, वगरु.
कडू नव्हे गं, तुरट,
कच्च्या जांभळानं जीभ आखडते तसं.
माझ्या कागदावर दोघांना मिळून एकच रकाना.
मी मधे पेनानं रेघ ओढली.

चौथ्याबद्दल कुणीच काही बोललं नाही.

पाचवा इडुक्कीचा, बहात्तर टक्के.
काकांनी डोळे मिटले ते मिटलेच.
खालून रूपाभवानीकडे एक रिक्षा गेली,
तिचा आवाज पार संपला, तेव्हा म्हणाले,
"धूर आहे."

मला नव्हता लागला. मग लागला,
अगदी शेवटी, घशाच्या कडेला,
पाणी मारलेल्या चुलीसारखा.
"पावसात बिया वाळेनात.
कुणीतरी खाली लाकडं घालत बसलं असेल रात्रभर.
माल वाचवलाय त्यानं."

नियमानं धूर म्हणजे दोष. तीन गुण वजा.
तुम्ही असता तर, काका?
"आमच्यात गुण नव्हते. पास,
नाहीतर परत हौदात."
मग हा?
"हा कसा जाईल परत?"

पाच वीस. पूर्वेला विटकरी उजेड,
तुकड्यांचे कोपरे मऊ पडू लागले.
मी तीन वजा केले.
शेऱ्याच्या ओळीत लिहिलं: जागरण.

चार पुड्या बांधल्या, नावं घातली.
पाचवी बांधायला घेतली तर ताट रिकामं,
आणि काकांच्या पांढऱ्या मिशीला तपकिरी कड.
"मुंग्या लागल्या असत्या," म्हणाले,
आणि पंचा पिळायला उठले.