शंकेचा रकाना

प्रेसमध्ये बत्तीस वर्षं कागद मोजला मी, नाशिकरोडला.
कोरा, छापलेला, वाया गेलेला, फाटलेलासुद्धा.
एक ताव कमी भरला की फाटक बंद,
सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही.
म्हणून डॉक्टर सोनवणीबाई जेव्हा म्हणाल्या,
"दर बारा तासांनी एक युनिट, काका, आधी खाणं, मग सुई,"
तेव्हा मनात म्हटलं,
बाई, आलात योग्य माणसाकडे.

बोक्याचं नाव तलाठी.
बूड टेकवल्याशिवाय
घरातला एकही कागद त्याने आजवर मंजूर केलेला नाही.
दिवाळीनंतर तो पाणी प्यायला लागला,
वाटीतलं, बादलीतलं, तुळशीखालच्या ताटलीतलं.
कुरवाळताना पाठीचे मणके हाताला लागू लागले.
दवाखान्यात आकडा आला चारशे बारा.
ही म्हणाली, "अगंबाई, माझ्याही पुढे गेला की!"

आता सकाळी सहाला घरात चौकशी चालते,
"तुझी किती?"
"एकशे ऐंशी. त्याची?"
हिच्या गोळ्या मिसळणाच्या डब्यामागे,
त्याची बाटली फ्रीजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी.
ती हलवायची नाही,
फुलवात वळावी तशी तळहातांत फिरवायची.
एक युनिट म्हणजे केवढं, ते चष्मा लावून पाहिलं मी.
थेंब म्हणवून घेण्याइतकंही नाही.

डिसेंबरात जेल रोडला पहाटे
माणसाच्याच कानात रक्त नसतं, मांजराच्या कुठून येणार?
जुन्या मोज्यात तांदूळ भरून तव्यावर शेकतो,
त्याच्या कानाला लावून धरतो.
तो माझ्याकडे असा बघतो
जसा मी सातबाऱ्यात नाव घुसवायला आलोय.
चौथ्या दिवशी सुई कातडीच्या आरपार गेली,
औषध केसांत.
किती आत, किती बाहेर,
हे कोणत्या वहीत लिहू?

आणि मग ती संध्याकाळ.
सहाला फोन आला, आमच्या सेक्शनचा खैरनार गेला.
बोललो असेन दहा मिनिटं, किंवा तीस.
भानावर आलो तेव्हा फ्रीजसमोर उभा,
दार उघडं, वाटी चाटून साफ,
आणि वहीत खूण नाही.
दिली का मी?
ही म्हणाली, "मला वाटलं, दिली तुम्ही."
सिरिंजा मोजल्या. एकवीस.
पण काल किती होत्या, ते लिहिलंच नव्हतं.
बत्तीस वर्षं.

सोनवणीबाई फोनवर शांत होत्या.
"शंका असेल तर देऊ नका.
एक वेळ चुकलेली चालते, दोनदा गेलेली नाही.
झोकांड्या खाऊ लागला तर हिरड्यांना मध लावा, आणि लगेच मला फोन."

मधाची बाटली घेऊन ही बसली,
सात वर्षं गोड वर्ज्य असलेली बाई,
बोट बुडवून तयार.
तलाठी सोफ्याखाली, आमच्यावर रुसून.
अकराला दोनशे अडुसष्ट.
एकला तीनशे एक.
मधूनच पाहिलं तर हिचं बोट कोरडं, ओठ चिकट.
"वाया कशाला घालवायचा," म्हणाली.
मी काही बोललो नाही.
तीनला तीनशे चव्वेचाळीस.
म्हणजे बहुतेक दिलीच नव्हती.
वाढलेल्या साखरेवर इतकं हसलेलं जोडपं
जेल रोडला दुसरं नसेल.

मग वही काढली.
"दिली" आणि "नाही", दोनच रकाने आखलेले.
पट्टी घेऊन शिसपेन्सिलीने तिसरा आखला,
वर लिहिलं: माहीत नाही.
असा रकाना प्रेसमध्ये असता,
तर खैरनार आणि मी
कितीतरी रात्री वेळेवर घरी पोचलो असतो.

तलाठी बाहेर आला, आळस दिला,
आणि बरोबर त्या पानावर बसला.
उठवलं नाही.
सहाला अजून अवकाश होता.