रिकामं वजन

गव्हाचा ट्रक काट्यावर चढतो, मी भरलेलं वजन लिहिते.
धान्य ओतून परत येतो, मी रिकामं वजन लिहिते.
वजाबाकीत उरतो तो गहू.
सास्कॅचेवनच्या या सपाट मुलखात
एकोणीस वर्षं माझी चूल या वजाबाकीवर पेटते
आणि आकडा कधी माझ्याशी खोटं बोलला नाही.

म्हणून चौदाव्या वर्षी दनिलोची मान
झटके द्यायला लागली,
आधी डावीकडे, मग डावीकडे आणि वर,
मग घशातून एक आवाज,
बंद दाराची कडी कुणी बाहेरून हलवून बघावी तसा,
तेव्हा मी वही आणली.

अडीच तास गाडी हाकून गाठलेले डॉक्टर म्हणाले,
जाईलही, राहीलही.
त्याला स्वतःला त्रास होत नसेल तर थांबू.
थांबणं मला जमत नाही.
थांबलं की धान्याला ओल धरते.

औषधांच्या दुकानातल्या बाई, ओरिसिया क्रोल,
काउंटरवरून पुढे वाकून म्हणाल्या,
माझ्या भाचीच्या मुलीला मॅग्नेशियमनं गुण आला.
डॉक्टरांना फोन केला.
बी-सिक्स जपून, म्हणाले, अति झालं तर बोटं बधिर होतात.
आणि गुण येईल का?
पुरावा फार नाही.
फार नाही म्हणजे थोडा आहे,
असं मी धरलं.

सकाळी एक पिवळी, रात्री एक पांढरी.
जेवायला बसल्यापासून झोपेपर्यंत
मी पेन घेऊन समोर.
नोव्हेंबर: दोनशे बारा. एकशे अठ्ठ्याण्णव.
डिसेंबरच्या मध्यावर: नव्वद.
जानेवारीत एके रात्री: एकतीस.
एकतीसभोवती मी गोल काढला.
एडमंटनला बहिणीला फोन केला,
क्रोलबाईंना डबा भरून पेरोगी नेऊन दिल्या,
आणि रस्त्यात गाडीत बसून थोडी रडले,
हीटर चालू ठेवून.

मग उणे अडतीसची ती सकाळ.
त्याचे गेल्या सालचे बूट कुणाला तरी द्यावेत म्हणून काढले.
डावा बूट खुळखुळला.

पिवळ्या. पांढऱ्या.
मी काय केलं असेल? तोलल्या.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर,
भांडं वजा करून.
मग मोजल्या. ब्याऐंशी.
एक्केचाळीस दिवस.
वही उघडली, मागे गेले,
एकतीसचा गोल
नेमका त्याच दिवसांत बसला होता.

शाळेतून आला तेव्हा बूट टेबलावर होता.
पोट बिघडायचं, तो म्हणाला.
तासाला दोनदा बाहेर पळायचो.
मान हलते हे पोरांना आता सवयीचं झालंय.
हे दुसरं त्यांना कळायला नको होतं.

मला हसू आलं, आणि त्यालाही.
मग मी विचारलं, तर कमी कसं झालं?

तो बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिला.
तुझ्या पेनाचं बटण वाजलं ना,
की मी दाबून धरायचो.
जेवण संपेपर्यंत.
मग वर जाऊन उशीत तोंड खुपसून सगळं सोडायचो.
तू वही मिटताना खूश दिसायचीस.

काट्यावर उभ्या ट्रकनं
माझ्यासाठी श्वास रोखून धरला
तर मी काय वजन लिहिलं असतं?

डॉक्टरांना पुढल्या महिन्यात सगळं सांगायचं ठरलंय,
बुटासकट.
बोलायचं त्यानं, मी गाडी चालवायची.

आज जेवताना वही फडताळात होती.
मान हलली. कडी वाजली. परत वाजली.
त्यानं बटाटे मागितले, मी दिले.
मोजलं नाही असं म्हणणार होते.
मोजलं.
लिहिलं नाही.