जुलैतला गोंद

जुलैत म्हापशात काही म्हणजे काही वाळत नाही.
पापड नाही, भिंत नाही, युनिफॉर्मची कॉलर नाही,
माझा गोंद तर नाहीच नाही.

साडेनऊला फार्मसीचं शटर पडतं,
दहाला हुमण-भात,
सव्वादहाला जेवणाच्या टेबलाचं अर्धं राज्य माझं.
उरलेल्या अर्ध्यावर नवऱ्याचा लॅपटॉप
आणि मधोमध लोणच्याची बरणी,
जी कुणाच्याच बाजूची नाही.

मी कार्डं करते.
चाळीस रुपयांत विकत मिळतात की, म्हणतात लोक.
मिळतात.

माझ्याकडे गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांची चांदी आहे,
नखानं घासून आरशासारखी केलेली.
कुणाच्या तरी पाडलेल्या खिडकीची एक कार्पा आहे,
तिच्यामागे पिवळा कागद ठेवला की चंद्र होतो.
बिबिंकेच्या खोक्याची रिबन, कदंबची तिकिटं,
शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांच्या जुडीला बांधलेली सुतळी.
अबोली तेवढी जमत नाही.
दाबली की तपकिरी होते. तीन वर्षं झाली.

आणि औषधासोबत येणारे ते घडी घातलेले कागद,
कुणीही न वाचलेले.
पाकळ्यांना इतका पातळ कागद दुसरा नाही.
नीट पाहिलंत तर माझ्या गुलाबाच्या आतल्या वळीत
'चक्कर, मळमळ, तोंडाला कोरड'
असं बारीक छापलेलं सापडेल.
लग्नाच्या वाढदिवसाला चालतं ते.

लेस मात्र कायतानची.
बाजूच्या गल्लीतला आल्फायात,
नवरीच्या गाऊनची उरलेली वीतभर लेस
माझ्यासाठी खिळ्याला टांगून ठेवायचा.
पैसे घेत नसे. मग मी कार्ड द्यायचे,
नाताळाला एक, सांजावाला एक,
एकदा त्याच्या शिवणयंत्राला पन्नास वर्षं झाली म्हणून.
तो बघायचा, मान डोलवायचा,
ड्रॉवरमध्ये टाकायचा.
मला वाटायचं, तिथेच राहतात ती, खडूंच्या तुकड्यांत.

या जुलैत तो दुकान बंद करतोय.
मुलगी स्विंडनला, नातू झालाय.
माप घ्यायची फीत गळ्यात तशीच ठेवून
त्यानं बिस्किटांचा डबा उघडला.
अकरा कार्डं. सगळी माझी.

पहिल्या कार्डावरचं कौलारू छप्पर
मी चिकटवलेलं मला आठवत होतं,
आणि ते टिकणार नाही
हेही तेव्हाच कळलं होतं.
आता त्याच्या कडेनं टाके होते,
तिरके, तांदळाच्या कणीएवढे.
गुलाबाच्या देठाला टाका. चंद्राला चार.
चांदीला मात्र सुई लावली नव्हती,
वरून नुसता दोरा फिरवून मागे आवळला होता.
'ती पिंजता,' म्हणाला.
आणि मग, जसं काही शर्टाच्या बटणाबद्दल सांगावं:
'पावसान तुजो गोंद सुटता, बाये.
मागीर हांव शिंवतां.'

दरवर्षी. जून ते सप्टेंबर.
मला एकदाही न सांगता.

आधी लाजच वाटली,
उसनं दिलेलं भांडं
कल्हई होऊन परत आल्यासारखी.
छत्री विसरून घरी आले.

मग तीन रात्री.
नऊ नंबरची सुई, खाली थर्माकोल,
आधी भोकं पाडायची, मग दोरा,
नाहीतर कागद रेषेवर फाटतो, तो फाटलाच दोनदा.
नवरा म्हणाला, तिकडे घरात हीटर असतो,
गोंद वाळेल की मस्त.
बरोबर आहे त्याचं.
बोटाला टोचली तेव्हा बरणीवरून
त्यानं कापूस सरकवला.

आत काय लिहायचं ते सुचलं नाही.
'कायतानबाब' एवढं लिहिलं, आणि स्वल्पविराम.

कार्ड इतकं जाड झालं की एकही पाकीट बसेना.
कायताननं ते उलटं केलं,
मागच्या गाठी अंगठ्यानं एकेक चाचपल्या,
दोन पक्क्या, एक ढिली,
ढिली तिथल्या तिथे दातानं ओढली
आणि कार्ड नव्या लाल पासपोर्टात ठेवलं.

पासपोर्ट काही मिटेना.