लागलं की सांगा

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला डोळे मिटायला सांगितले
आणि तळपायाला टेकवला एक दोरा,
पांढरा, ताठ, केसाहून थोडा जाड.
‘लागलं की सांगा.’
आई म्हणाली, लागलं.
मग, लागलं.
मग बराच वेळ काहीच नाही.
बाई टाचेशी होत्या, मग करंगळीखाली,
कागदावरच्या पावलाच्या चित्रात फुल्या मारत.
पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

डोळे उघडल्यावर आईने दोरा मागून घेतला,
नखावर ओढून पाहिला.
‘हा तं आमचाच. जाल्याचा तंगूस.’
वर्सोव्याच्या धक्क्यावर याच्या गुंडाळ्या वजनावर मिळतात.

चाळीस वर्षं बर्फाच्या पाण्यात उभे राहिलेले पाय.
आता रबरी बूट, आत सुती मोजे,
आणि रोज रात्री बॅटरी घेऊन
मी तिच्या बोटांच्या बेचक्या उघडून बघते,
जशी ती पापलेटचे कल्ले बघते:
लाल आहे का, वास आहे का, कुठे काप गेलाय का.

भिंतीवर भरती-ओहोटीचं कॅलेंडर.
त्याच चौकोनात, अष्टमीच्या भांगेखाली,
मी तिची उपाशीपोटीची साखर लिहिते.
१६८. १५१. १४४.
मग एकदम २३०,
पुतण्याच्या हळदीत जेवून आली त्या सकाळचे.
आकड्याकडे न बघताच म्हणाली,
‘उधान व्हतं.’

भाताचा वाटा आता मी लावते, एक मूद.
तव्यावरचा बांगडा, शेवग्याचा पाला, नाचणीची अर्धी भाकरी.
जन्मभर गिऱ्हाइकाला ‘येवढ्याला येवढंच’ म्हणणारी बाई
माझ्याशी घासाघीस करते:
‘वर एक टाक गो, भवानी तं होऊ दे.’

तीन महिन्यांच्या रिपोर्टापुढे मात्र तिची डाळ शिजत नाही.
आदल्या दिवशी उपाशी राहून पाहिलं एकदा.
रक्ताला मागचं सगळं आठवतं, बाई म्हणाल्या,
त्या हळदीचं जेवणसुद्धा.
आई परतीच्या रिक्षात गप्प होती.
यारी रोडला म्हणाली, ‘चुगलखोर हाय रगत.’

काल रात्री म्हणाली, घरीच करून बघू.
जाळ्यातला तुटका तंगूस,
तिचे डोळे मिटलेले, पाय माझ्या मांडीवर.
‘लागला,’ म्हणाली.
‘लागला.’

मी अजून टेकवलाच नव्हता.

काही बोलले नाही.
टाचांना तेल चोळलं, बोटांच्या मध्ये सोडून,
मोजे चढवले, लाईट घालवली.

गुरुवारी डोळ्यांची तारीख आहे.
थेंब टाकतील, दिवसभर धुरकट दिसेल,
पाटीवर मला बसायचंय.
तेव्हापासून शिकवते आहे,
कोलंबी कुठे, बोंबील कुठे, सुट्टे पैसे कशाखाली,
आणि घेताना कसं घ्यायचं:
‘आधी डोला बघ माश्याचा.
ढगाल दिसला तं हात लावू नको.’