एकशे सत्त्याऐंशीखालची रिकामी जागा

समितीनं दिलेलं काम सोपं होतं.
गीतसंग्रहाच्या नव्या आवृत्तीत प्रत्येक गीताखाली
ते ज्या वचनातून उगवलं ते लिहायचं. रकान्याचं नाव : आधार.

मेंढपाळाची गीतं पटापट लागली,
तारवाची, वादळाची, पहाटेच्या रिकाम्या कबरेची.
सालोमन मास्तर कसोट्यांनी तर चौदा गीतं
एकाच स्तोत्रावर रचलेली,
जशी एका छडीवर शाळा चालते.

अडलं एकशे सत्त्याऐंशीवर.
कवी : अज्ञात. चाल : देशी.
चार कडवी, आणि देवाचं नाव फक्त शेवटच्यात,
तेही घाईत,
भोंगा होऊन गेल्यावर
हजेरीवर अंगठा उठवावा तसं.

मे महिना. सोलापूरचं डांबर चपलेला धरून ठेवतंय.
कन्ना चौकामागच्या गल्लीत रत्नय्या येमूल
मागांच्या आवाजावरून ओरडला,
"अज्ञात कसली? आमची मेनत्ता. आत्या हो!
दीनम्मा!"

मिलच्या कांडीखात्यात एकोणीस वर्षं.
अक्षर ओळखत नव्हती,
सुताचा नंबर चिमटीत धरून सांगायची.

एका रविवारी पाळकांनी वाचलं
राखेत बसून खपल्या खाजवणाऱ्या त्या माणसाचं बोलणं,
की माझे दिवस धोट्याहून चपळ
आणि ते आशेवाचून सरतात.
मग चष्मा पुसत म्हणाले,
मूळ भाषेत आशा आणि दोरा
एकाच शब्दात राहतात,
एका खोलीत दोन बिऱ्हाडं असावीत तशी.
सगळी मंडळी मान डोलवत होती.

बायकांच्या बाजूनं, मागच्या सतरंजीवरून
दीनम्मा उठली.
"त्यानं माग बघितलेलाच नाही, पाळकसाहेब.
धोटा जातो, खरंय. पण परत येतो की!
आणि दारम् संपलं म्हणून
अर्धं थान कोण फेकतंय?
कांडी बदलायची. गाठ मारायची.
ती दिसू नये एवढंच शिकायचं,
त्याला सहा महिने लागतात."

पाळक काय म्हणाले, रत्नय्याला आठवत नाही.
घरी भाकरी थापता थापता
ती ते भांडण पुरं करत राहिली,
आणि कधीतरी भांडणाला चाल लागली.
कुणीतरी लिहून घेतलं.
लिहून घेणाऱ्यानं शुद्धही केलं.

त्याच्या नव्या मागांना धोटाच नाही.
लोखंडी बोट येतं, दोरा पकडतं, नेतं.
जुना एक धोटा फळीवर, विजेच्या बिलांवर वजन म्हणून.
साबणासारखा झिजलेला. भोकात सुताचा तुकडा,
रंग कुठला होता ते सांगता येत नाही.

तेवढ्यात लाइट गेली.
अख्खी गल्ली एकदम थांबली
आणि जो तो आपल्याच ओरडण्यानं ओशाळला.
त्या शांततेत रत्नय्या गायला, भसाड्या आवाजात,
डोळे बिलांवर.
तिसऱ्या ओळीत, पुस्तकात जिथं 'कृपा' आहे,
तिथं तो म्हणाला, 'दारम्'.

एका मात्रेचा फरक.
तीस वर्षं मी पेटीवर तिथं
एक स्वर उगाच ओढत आलोय,
आणि दर वेळी वाटायचं
हात माझाच अडखळतो.

लाइट आली. चौथी ओळ मागांखाली गेली.

रात्री 'अज्ञात' खोडलं. शाईचं होतं, डाग राहिला.
आधारच्या रकान्यात लिहिलं :
अध्याय सात, वचन सहा.
समिती विचारेल,
"अहो, वचनात तर आशा संपलीय म्हणतो तो,
आणि गीत नेमकं उलटं.
याला आधार कसं म्हणायचं?"

मी पेटी उघडीन.