थाळनेर, दुपारची गाडी येईपर्यंत

शिरपूरच्या एसटीतून उतरलो तेव्हा साडेअकरा.
खांद्याला पितळी वजनांची पेटी, खिशात सरकारी शिक्का.
आठवडे बाजारातले काटे तपासायचे,
तीनच्या गाडीनं परत. एवढंच काम.

टपरीवाल्यानं कप विसळत विचारलं,
"कसाले इनात भाऊ?"
खरं सांगितलं की बाजारातले काटे गोणपाटाखाली जातात,
म्हणून म्हणालो, राजधानी बघायला.
तो हसला नाही.
शेजारच्या पोरीला हाक मारली,
"नाझमीन, यास्ले राजधानी दखाड."

वय दहाएक. पायात थोरल्या भावाच्या चपला.
"आधी मोठं घर बघू, मग लहान घरं."
थडग्यांना ती घरं म्हणते.
मोठं घर आठ कोपऱ्यांचं.
"इथं लपाछपी खेळू नका," म्हणाली,
"आपण फिरलो की समोरचाही फिरतो,
सापडतच नाही कोणी."

दगडातली वेल मी बोटानं मोजू लागलो.
अठ्ठावीस पानं झाली, एकोणतिसावं झिजलेलं.
धरायचं की सोडायचं?
वरून निंबाचा फुलोरा गळत होता,
माझ्या टकलावर, राजाच्या छतावर,
सारखाच.

"आत कोण आहे?"
"राजा."
"कुठला?"
"आमचा," म्हणाली,
आणि उंबऱ्यावर बसलेली शेळी हाकलायला पळाली.

किल्ला म्हणजे आता कडा. अर्धा नदीनं नेलेला,
अर्धा नेण्याच्या वाटेवर.
टोकाला उभं राहिलं की खाली तापी,
फाल्गुनातली, गुडघाभर,
आणि वाळूत टरबुजांच्या वाड्या:
हिरव्या पाठी उन्हात पसरलेल्या,
जसा दरबार भरून संपलाय
आणि उठायचं कोणाला सांगितलेलंच नाही.
उत्तरेला सातपुडा धुरकट.
पळस तेवढा ठळक,
तीन ठिकाणी.

मुलीला फोन लावला.
दर वर्षी दिल्ली दाखवतो म्हणतो, ती आता बारावीला आहे.
"राजधानीत आहे," म्हणालो.
"फोटो पाठवा," म्हणाली.
पाठवला. तिचं उत्तर आलं:
बाबा, ही शेळी कोणाची?

मग बाजार. काम ते काम.
मिरचीवाल्याचा काटा ठीक. शेवेवाल्याचा वीस ग्रॅम हलका,
पावती फाडली.
शेवटी घाटाजवळ द्वारकाबाई भोई,
पुढ्यात टरबुजांचा ढीग,
पारड्यात वजन म्हणून
एक वीट.
पातळ, रुंद, कडेला चुन्याचा पांढरा ओठ.
आजकाल अशी विट कोणी भाजत नाही.

"ही कुठली?"
"वरथून पडनी. मन्ही सासू हाईच ठेये."
"किती भरते?"
"किलो."
पेटी उघडली. माझं किलो एका पारड्यात,
किल्ला दुसऱ्यात.
माझं पारडं वर गेलं.
दहा ग्रॅम टाकले, वीस, आणखी वीस.
किल्ला पन्नास ग्रॅम जास्त.

म्हणजे बाई, तुम्ही इतकी वर्षं
दर किलोमागे पन्नास ग्रॅम
फुकट देताय.
ती विटेकडे बघत राहिली.
मग माझ्याकडे, जरा कीव आल्यासारखं.
"टरबूजच शे ना भाऊ.
त्यामा पानीच -हास."

नियम पाठ आहे: अप्रमाणित वजन, जप्त.
वही काढली, तारीख घातली,
गावाचं नाव लिहिलं.
वस्तू, या रकान्यापाशी पेन थांबलं.
वीट लिहू? भिंत लिहू?
एवढ्यात नाझमीन ओरडत आली,
गाडी लागली, गाडी लागली,
एक चप्पल हातात, एक पायात.

खिडकीशी बसलो. मांडीवर पेटी,
पेटीवर टरबूज. पैसे दिले, बळजबरीनं दिले.
कंडक्टर म्हणाला, याचं अर्धं तिकीट लावू का,
आणि स्वतःच हसला.
गाव संपताना मागं वळलो.
निंबाखाली ती मोठं घर कोणा दुसऱ्याला दाखवत होती,
की नुसतीच फिरत होती
त्या आठ कोपऱ्यांभोवती,
नीट दिसलं नाही.

घरी काट्यावर ठेवलं टरबूज.
किती भरलं ते
वहीत नाही.